वारं गेलेल्यांची नोंद

दलितांचा इतिहास लिहिताना आपण आजवर मंदिरप्रवेश, पाणवठे, वतने, जमिनी आणि दंगली यांचा हिशेब मांडला. तो मांडणे आवश्यकच होते. परंतु माणूस कशाने मेला, किती वयात मेला आणि मरण्यापूर्वी कोणाच्या आधाराने किती दिवस जगला, हाही इतिहासच होय. या इतिहासाकडे आपल्या चळवळीचे आणि आपल्या लेखकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रोगाला जात नसते, असे एक सोयीचे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडी नेहमी असते. रोगाला ती नसेलही; पण रोग मोजणाऱ्या वहीला आणि दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याला ती असते. प्रस्तुत लेखात मी एकच रोग घेतला आहे. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला पक्षाघात म्हणतात, शहरात लकवा किंवा स्ट्रोक म्हणतात आणि आमच्या राजूरकडे म्हणतात, ‘वारं गेलं’.

राजूर हे भोकरदन तालुक्यातले गाव. जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जालन्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पीठ म्हणून या गावाची ख्याती आहे आणि अंगारकी चतुर्थीला येथे पाय ठेवायला जागा नसते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. त्यानंतर हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ पासून नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात. राज्ये बदलली, जिल्हा बदलला. वारं मात्र जातच राहिले.

या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण रोगाचे नाव हा त्या रोगाविषयीचा लोकांचा सिद्धांत असतो. आयुर्वेदाने पक्षाघाताची गणना वातव्याधीत केली. शरीरातला वायू बिघडला आणि एक पक्ष, म्हणजे एक बाजू, निकामी झाली, असा त्याचा अर्थ. निजामी अमलात युनानी हकिमांचे शब्द आले. हकिमांच्या परिभाषेत ‘लकवा’ म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे आणि अर्धे अंग लुळे पडणे म्हणजे ‘फालिज’. मराठीने ‘लकवा’ घेतला आणि तो सबंध अंगाला लावला. ‘फालिज’ मागे पडला. शास्त्र्यांचा वायू गावात ‘वारं’ झाला, आणि वाऱ्याबरोबर आणखी काही आले. वारं बाहेरून येते, कोणी तरी लावते, तिठ्यावर ओलांडल्याने लागते. म्हणजे रोगाचे कारण शरीराबाहेर आणि उपाय देवऋष्याच्या हातात. युरोपातही याहून वेगळे नव्हते. इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ हा देवाच्या हाताचा तडाखा होता. मेंदूतील रक्तस्रावाने हा झटका येतो, हे योहान वेप्फर या स्विस वैद्याने प्रेतांची तपासणी करून १६५८ साली मांडले. रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने तुंबते आणि मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळेनासे होते, एवढी साधी ही गोष्ट आहे. ती आमच्या वस्तीपर्यंत पोचायला तीनशे वर्षे पुरली नाहीत.

आपल्या परंपरेत या रोगाची सर्वांत ठळक नोंद आहे ती महात्मा जोतीराव फुले यांची. १८८८ साली मुंबईच्या सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्या अवस्थेत त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. आपण ही घटना जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला ती आरोग्याच्या इतिहासातील एक पुरावा म्हणून वाचावीशी वाटते. त्या काळी रक्तदाब मोजण्याचे दंडावर बांधायचे साधन अस्तित्वात नव्हते. रिवा-रोची या इटालियन डॉक्टराने ते १८९६ साली तयार केले. म्हणजे औषध नाही, मोजमाप नाही. तरीही जोतीराव झटक्यानंतर दोन वर्षे जगले आणि त्यांनी काम केले. कशाच्या बळावर? त्यांच्याजवळ डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखा स्नेही डॉक्टर होता. सावित्रीबाई होत्या. पैशाची ओढ लागली तेव्हा मामा परमानंदांसारख्या माणसाने बडोद्याच्या सयाजीरावांकडे मदतीसाठी लिहिले. आणि लिहिता येणारा डावा हात होता. झटक्यानंतरचे जगणे हे माणसाभोवती काय आणि कोण आहे यावर अवलंबून असते, हा निष्कर्ष १८८८ चा आहे आणि तो आजही मोडीत निघालेला नाही.

जोतीरावांना अक्षर होते म्हणून त्यांचा झटका इतिहासात राहिला. त्याच काळात महारवाड्यात, मांगवाड्यात ज्यांच्यावरून वारं गेले त्यांचे काय? ब्रिटिश इलाख्यांत मृत्यूची नोंद गावकामगार करीत. कारणांचे रकाने ठरलेले असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, आणि उरलेले सर्व ‘इतर’ या एका रकान्यात. लकवा त्या ‘इतर’मध्ये पडे, किंवा अखेरीस अंग तापले असेल तर ‘तापा’त. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गावात मयत झाले की त्याची खबर परगावच्या नातेवाइकांना पोचवणे हे महारकीतले काम होते. उन्हातान्हात, रात्रीबेरात्री, पायी जाऊन आमच्या आज्या-पणज्यांनी साऱ्या गावाचे मृत्यू सांगितले. पण तो स्वतः कशाने मेला हे सांगणारे आणि लिहून ठेवणारे कोणी नव्हते. गावाच्या मरणाचा वार्ताहर असलेला हा माणूस मृत्यूच्या कोष्टकात मात्र ‘इतर’ राहिला.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिती किती बदलली? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. मृत्यू नोंदले जाऊ लागले. कारण मात्र डॉक्टरने लिहिलेले असेलच असे नाही. २०२० सालीदेखील देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण वैद्यकीय दाखल्याने सिद्ध झाले असे मृत्यू केवळ २२.५ टक्के होते. उरलेल्यांचे काय होते ते मी माझ्या घरात पाहिले आहे. माझ्या थोरल्या चुलत्याच्या अंगावरून वारं गेले तेव्हा त्यांचे वय साठीच्या आत होते. सकाळी तोंड धुताना तांब्या हातातून पडला, तोंड वाकडे झाले, वाचा बसली. चुलती आजही तो दिवस सांगते ती शेतीच्या कालगणनेने: “पेरणी तोंडावर आली व्हती बाबा, अन् तुह्या बाप्पूच्या अंगावरनं वारं गेलं.” अंगाला तेल चोळले गेले. कबुतराचे रक्त लावले की अंगात ऊब येते असे कोणी सांगितले, तेही झाले. तिसऱ्या दिवशी गाडीत घालून दवाखान्यात नेले. तेथून ‘आता घरीच न्या’ असे सांगितले गेले. पावसाळा संपायच्या आत ते गेले. पुढे कामासाठी मृत्यूचा दाखला काढला, तेव्हा कारणाच्या जागी ‘वार्धक्य’ असा शब्द होता. साठीच्या आतल्या माणसाचे वार्धक्य! दाखला लिहिणाऱ्याच्या मनात काही दुष्टावा नसेल. त्याच्यापुढे रिकामा रकाना होता आणि तो भरायचा होता. पण असे लाखो रकाने भरले की त्यांतूनच एका समाजाचा खोटा इतिहास तयार होतो.

आता मोजणीकडे वळू. भारतात हा रोग गावोगाव फिरून मोजण्याचे पहिले मोठे काम तामिळनाडूतील वेल्लोर येथे १९६८-६९ साली झाले. सुमारे अडीच लाख लोकांच्या पाहणीत दर लाखी ५७ माणसे अर्धांगाने लुळी झालेली आढळली आणि वर्षाला दर लाखी नवे रुग्ण फक्त १३ भरले. हरियाणातील रोहतक येथे १९७१ ते १९७४ या काळात हे आकडे दर लाखी अनुक्रमे ४४ आणि ३३ असे आले. या आकड्यांवरून एक समज पसरला की लकवा हा श्रीमंत, पाश्चात्त्य जगाचा रोग असून कष्टकरी भारतीय खेड्यात तो विरळा आहे. त्यानंतर मुंबईतील पारशी समाजाची घरोघर पाहणी झाली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार पारशांत लकवा होऊन जगत असलेली माणसे दर लाखी ८४२ होती. वेल्लोरच्या जवळपास पंधरापट! मग लकवा श्रीमंतांचा रोग हे सिद्धच झाले, असे म्हणायचे काय?

येथेच सावधपणे वाचायला शिकले पाहिजे. ‘आज किती माणसे लकव्यासह जगत आहेत’ हा एक आकडा आणि ‘या वर्षी किती जणांना नव्याने झटका आला’ हा दुसरा. पहिला आकडा दोन गोष्टींनी वाढतो: झटके जास्त आल्याने, किंवा झटका आलेली माणसे जास्त काळ जगल्याने. पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण मोठे होते. वयाचा हा फरक काढून टाकून अमेरिकेच्या लोकसंख्येच्या प्रमाणात हिशेब केला, तेव्हा ८४२ चा आकडा ४२४ वर आला, म्हणजे निम्मा झाला. उरलेल्या फरकातही हे लक्षात घेतले पाहिजे की पारशी रुग्णाच्या जवळ डॉक्टर होता, समाजाची रुग्णालये होती, घर होते. तो जगला, म्हणून पाहणी करणाऱ्याला भेटला. ज्या वस्तीत झटका आलेला माणूस महिन्याभरात मरतो, त्या वस्तीत पाहणी करणारा पुढच्या वर्षी गेला तर त्याला कोणीच भेटत नाही. तो वहीत शून्य लिहितो. ते शून्य आरोग्याचे नसते, स्मशानाचे असते. जे लोक पन्नाशीच्या आत क्षयाने, बाळंतपणात किंवा उपासाने मरतात त्यांच्यात तर साठीचा रोग दिसणारच नाही. कमी आकडा म्हणजे कमी रोग, हे समीकरण शोषितांच्या बाबतीत उलटे वाचावे लागते. मला या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

या म्हणण्याला आधार महाराष्ट्रातच मिळाला. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत शहराच्या एका ठरावीक भागातील दीड लाखाहून अधिक प्रौढांवर लक्ष ठेवले. त्यांत ४५६ जणांना पहिला झटका आला. वर्षाला दर लाखी १४५. अठ्ठावीस दिवसांच्या आत मरण पावले सुमारे ३० टक्के. केरळात त्रिवेंद्रम येथे २००५ साली शहर आणि खेडे दोन्हींची नोंद ठेवली गेली. नवे झटके दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, दर लाखी सुमारे १३५ आणि १३८. पण अठ्ठावीस दिवसांत मरणारे शहरात २४.५ टक्के आणि खेड्यात ३७.१ टक्के. रोग सारखा, मरण वेगळे! आणि हे केरळ आहे, जेथे खेडे आणि शहर यांतील अंतर देशात सर्वांत कमी मानले जाते.

तिसरे काम गडचिरोलीचे. तेथे ‘सर्च’ या संस्थेने डॉ. योगेश्वर कालकोंडे यांच्या नेतृत्वाखाली ८६ गावांतील ९४,१५४ लोकांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरी जाऊन विचारायचे, काय झाले होते, केव्हा झाले, कोणती बाजू गेली. आणि डॉक्टरने त्यावरून कारण ठरवायचे. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू लकव्याने झालेले निघाले. दर सात मृत्यूंमागे एक! त्या गावांत माणसे मरण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा हेच होते. त्यांतील ८७.३ टक्के माणसे घरीच मेली आणि जवळपास निम्मी झटका आल्यापासून महिन्याच्या आत. म्हणजे ज्याला आपण श्रीमंतांचा रोग म्हणत होतो, तो आदिवासींच्या आणि गरिबांच्या जिल्ह्यात सर्वांत मोठा मारेकरी निघाला. तो २०११ साली अचानक आला असे मानायला कारण नाही. २०११ साली कोणी तरी दारात जाऊन विचारले, एवढेच.

जगाचा गेल्या काही दशकांचा इतिहास हेच सांगतो. १९७० ते २००८ या काळातील जगभरच्या पाहण्या एकत्र करून डॉ. फायगिन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की श्रीमंत देशांत नव्या झटक्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले, तर गरीब आणि मध्यम देशांत ते दुपटीहून अधिक वाढले. श्रीमंत देशांनी हे कसे साधले याचे उत्तम उदाहरण जपान आहे. १९५१ ते १९८० पर्यंत जपानमध्ये मृत्यूचे पहिले कारण लकवा होते. उत्तरेकडील अकितासारख्या भागातील शेतकरी कडाक्याच्या थंडीत खारवलेल्या भाज्या, खारवलेली मासळी आणि भात यांवर गुजराण करीत आणि ऐन कर्त्या वयात मेंदूत रक्तस्राव होऊन मरत. जपानने गावोगाव रक्तदाब मोजला, मिठाविषयी प्रचार केला, गोळ्या पोचवल्या. मृत्यू झपाट्याने खाली आले. यात चमत्कार काही नव्हता. दंडाला बांधायचा पट्टा आणि स्वस्त गोळी, एवढीच सामग्री होती.

आणि या गोळीच्या इतिहासात आपल्या मुंबईचेही नाव आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईतील आपल्या रुग्णांच्या आधारे १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. आदिवासींना आणि वैदूंना ठाऊक असलेली ही मुळी जगाच्या बाजारात औषध होऊन पोचली. ती ज्या रानात उगवते त्या रानातल्या माणसाचा रक्तदाब मात्र पुढची कित्येक दशके कोणी मोजला नाही.

अमेरिकेकडे आपण एका विशेष कारणाने पाहिले पाहिजे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा त्या नावातच अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितलेले होते. त्याच १९७२ साली अमेरिकेत रक्तदाबाविषयीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दशकांत लकव्याचे मृत्यू काळ्यांत आणि गोऱ्यांत दोन्हीकडे उतरले. पण दोघांमधली दरी बुजली नाही. २००३ ते २००७ या काळात तेथे तीस हजारांहून अधिक काळ्या-गोऱ्या माणसांची नावे नोंदवून एक प्रदीर्घ अभ्यास हाती घेतला गेला. त्यात असे दिसले की काळ्या माणसाला आपल्या रक्तदाबाची जाण गोऱ्यापेक्षा कमी नाही, तो गोळ्याही घेतो, तरी त्याचा रक्तदाब ताब्यात राहत नाही. आणि ज्ञात असलेले सर्व धोके हिशेबात घेऊनही ही दरी पूर्ण उलगडत नाही. अपमानाचे, धास्तीचे, हलक्या कामाचे आणि वाईट वस्तीचे आयुष्य रक्तवाहिन्यांवर काय परिणाम करते, हा प्रश्न तेथे शास्त्राच्या दारात जाऊन उभा राहिला आहे. तो उभा राहू शकला याचे कारण एकच. अमेरिकेतील मृत्यूच्या दाखल्यावर वंशाचा रकाना आहे.

आपल्याकडे मृत्यूच्या कारणांच्या सरकारी कोष्टकांत वय असते, लिंग असते, जात नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जाती-जमातींचा तपशील वेगळा मिळतो आणि २०१५-१६ पासून प्रौढांचा रक्तदाबही तीत मोजला जातो. पण रक्तदाब मोजणे आणि त्या रक्तदाबाने कोण किती वयात मेला हे मोजणे, यांत मोठे अंतर आहे. २०२२ साली उत्तर आणि पूर्वेकडील नऊ राज्यांच्या माहितीवरून अभ्यासकांनी दाखवले की सवर्ण हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे. आणि केवळ गरिबीने हा फरक पुरता समजत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून आपण जो अभिमान बाळगतो, त्या महाराष्ट्राने आपल्या दलितांचे आयुष्य किती वर्षांचे हे स्वतः होऊन मोजायला हवे.

मग आमच्या राजूरकडच्या वस्तीत वारं का जाते, याचा विचार करताना मला अकिताचा शेतकरी आठवतो. आमच्या घरात कालवण नसे तेव्हा भाकरीबरोबर मीठ-मिरची असे. कालवण असे तेही बहुधा पातळ, आणि त्याला चव देणारे मीठच. मांस खारवून, वाळवून चान्या करून ठेवीत. सुके बोंबील बाजारातून येत. ज्याला भाजी, दूध, फळ परवडत नाही त्याची भाकरी मिठावरच उतरते. त्यात भूक मारायला तंबाखू, पुरुषांची बिडी आणि बायांची मिशरी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आयांच्या पोटी जी मुले वाढली, सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर ज्यांची पहिली वर्षे गेली, ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. आईच्या पोटात उपासमार झालेल्या बाळाला मोठेपणी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे इंग्लंडचे डॉ. बार्कर यांनी मांडले आणि पुण्यात डॉ. याज्ञिक यांनी त्याच दिशेने दीर्घ काम केले. दुष्काळ सरला म्हणून तो शरीरातून सरला असे नव्हे. त्या पिढीचा रक्तदाब मोजण्याची आज खरी वेळ आहे.

झटका आल्यानंतरच्या उपचारांतही जग बदलले. मेंदूचे चित्र घेणारे सीटी स्कॅन यंत्र १९७१ साली प्रथम वापरात आले. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला. ते इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. मोठी वाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे. आता आमचा हिशेब पाहा. पहाटे शेतातल्या कोठ्यावर झटका आला. कोणी पाहिले तेव्हा उजाडले होते. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, ती आली. जालना पंचवीस-तीस किलोमीटर. तेथून पुढे पाठवले तर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणखी साठ किलोमीटर. १९५६ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आमची माणसे त्याला ‘घाटी’ म्हणतात आणि मराठवाड्यातल्या गरिबाची अखेरची आशा ती हीच. गरिबांच्या उपचारासाठी राज्यात जी योजना आहे तिला २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. या योजनेने हजारो घरे कर्जातून वाचली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण कार्डावर पैसे भागतात, तास भागत नाहीत.

म्हणून खरा उपाय झटक्याच्या आधीचा आहे. २०१० साली केंद्र सरकारने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१७ साली रक्तदाब नियंत्रणाचा विशेष उपक्रम आला. महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे निवडले गेले. मराठवाड्यातला एकही नाही. मागासलेपण असे चालत येते. निजामाच्या काळात दवाखाना दूर म्हणून, आणि पुढे प्रयोगासाठी दुसरे जिल्हे सोयीचे म्हणून.

जगलेल्यांविषयी एक शब्द लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मुंबईच्या आकड्यांप्रमाणे दहांपैकी सात जण पहिला महिना पार करतात. त्यानंतर कोण? घरातली बाई. नवऱ्याला कुशीवर वळवणारी, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रीतून दोनदा उठणारी, आणि सकाळी पुन्हा दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. तिची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते. आजारी माणूस शेतमजूर असेल तर त्याच्या उजव्या हाताबरोबर घराचे उत्पन्नच लुळे पडते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळवायला तहसिलीत खेटे घालावे लागतात, आणि ते घालणारीही तीच असते. आणि झटका बाईलाच आला तर? तिला कुशीवर वळवायला त्या घरात बहुधा कोणी उरत नाही. सावित्रीबाईंनी जोतीरावांची शुश्रूषा केली याचा आपण गौरव करतो. आजच्या वस्तीतील या बायांच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत नाही.

काय करता येईल? मोठ्या घोषणांची येथे गरज नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, आणि १४ एप्रिलला तेथे सारी वस्ती जमते. त्या दिवशी ध्वनिवर्धकावर होणाऱ्या खर्चाच्या अल्पशा भागात रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे येतात. तिशीपुढच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचा रक्तदाब मोजावा, तो वहीत लिहावा आणि ज्यांचा वाढलेला असेल त्यांना गोळी सुरू होईपर्यंत सोडू नये. वस्तीत कोणी मेले तर आपल्यातल्याच शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने घरी जाऊन चार प्रश्न विचारावेत: काय झाले, केव्हा झाले, कोठे नेले, कोठून परत पाठवले. गडचिरोलीत हेच केले गेले आणि त्यातून एका जिल्ह्याचे सत्य बाहेर आले. दाखल्यावर ‘वार्धक्य’ लिहिले जात असेल तर तेथेच हटकावे आणि खरे कारण लिहायला लावावे. मृत्यूच्या कारणांच्या कोष्टकात जातीचा रकाना हवा, ही मागणीही आपण करावी. आणि ती करताना आपल्या हातात आपल्या वस्तीची वही असावी. बाबासाहेबांनी प्रत्येक आयोगापुढे, प्रत्येक परिषदेत आपली बाजू आकड्यांनिशी मांडली होती. आपल्या वस्तीचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतील, आणि राजूरपुरते ते काम येत्या जयंतीपासून सुरू करण्याचे आम्ही ठरवले आहे.